रोबोटिक्सच्या पथकाचा हजेरीपट

शाळेच्या वार्षिकांत कोणत्याही पथकाची हकीकत येते ती बहुधा जयाची किंवा पराजयाची. क्रिकेटच्या संघानें किती सामने जिंकले, स्काउटांचा तळ कोठें पडला होता, वक्तृत्वाची ढाल कोणीं आणली, इतकें छापलें म्हणजे वाचकांचें समाधान होतें. या पानावर मात्र अशा एका गोष्टीविषयीं लिहावयाचें योजिलें आहे कीं, जी ढालीवर कोरली जात नाहीं आणि छायाचित्रांत दिसत नाहीं. परंतु जिच्यावरून पथकांत वर्षभर कुजबूज चालते, आणि स्पर्धेस जाण्याचे दिवस जवळ आले म्हणजे त्या कुजबुजीचें भांडण होतें. ती गोष्ट म्हणजे रोबोटिक्सच्या पथकाचा हजेरीपट.

प्रश्न दिसावयास साधा आहे. पथकांत मुलगे व मुली मिळून पंधरा. परगांवच्या स्पर्धेसाठीं गाडीभाड्याची व राहण्याची सोय होते ती आठ-दहा जणांची. मग जावें कोणीं? पालकसभेंत या प्रश्नाला मिळणारें उत्तर ठरलेलें आहे: ज्याची हजेरी अधिक, तो जाईल. हें उत्तर ऐकावयास इतकें निःपक्षपाती वाटतें कीं, त्यावर कोणी आक्षेप घेतलाच तर त्याच्या मनांत एखाद्या लाडक्या विद्यार्थ्याचें नांव असावें असा संशय येतो. तो संशय पत्करून मी माझें मत आरंभींच सांगून टाकतों. हजेरी अवश्य ठेवावी आणि चोख ठेवावी. परंतु हजेरीच्या तासांनीं मुलाची आस्था मोजूं नये, आणि त्या तासांच्या बेरजेवरून स्पर्धेच्या जागा तर मुळींच वांटूं नयेत. त्यानें पथकाचें नुकसान होतेंच. पण ज्या मुलांना शाळेबाहेर या विद्येचें दार कोठेंच उघडें नाहीं, त्यांचें नुकसान सर्वांत अधिक होतें.

ज्या पालकांनीं हें काम जवळून पाहिलेलें नाहीं त्यांच्यासाठीं थोडी माहिती देणें अवश्य आहे. शाळाशाळांतून रोबो बनविण्याच्या स्पर्धांना मोठी चालना दिली ती 'फर्स्ट' या अमेरिकन संस्थेनें. डीन केमेन नांवाच्या संशोधकानें ती १९८९ सालीं स्थापन केली, आणि १९९२ सालीं न्यू हॅम्पशायर प्रांतांतील मँचेस्टर गांवीं एका हायस्कुलाच्या व्यायामशाळेंत तिची पहिली स्पर्धा झाली. त्या वेळीं पथकें होतीं अवघीं २८. आपल्या देशांतही आतां तिच्या स्पर्धा होतात. शिवाय २०१६ सालीं नीति आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशननें शाळांतून 'अटल टिंकरिंग लॅब' उघडण्याचा उपक्रम हातीं घेतला. निवडलेल्या शाळेस २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळतें, आणि सहावीपासून बारावीपर्यंतच्या मुलांनीं तेथें येऊन हातानें कांहीं घडवावें असा हेतु आहे. अशा १०,००० प्रयोगशाळा देशभर झाल्या आहेत. तेव्हां हा प्रश्न एकट्या आमच्या शाळेचा नव्हे, हें उघड आहे.

माध्यमिक शाळांसाठीं असलेल्या 'फर्स्ट टेक चॅलेंज' या स्पर्धेचे नियम पाहिले म्हणजे कामाचें स्वरूप ध्यानांत येतें. पथकांत अधिकांत अधिक १५ विद्यार्थी. सामना सुरू होतेवेळीं रोबो १८ इंच लांब, तितकाच रुंद व तितकाच उंच अशा मापांत बसला पाहिजे. सामना अडीच मिनिटांचा. त्यांतील पहिलीं ३० सेकंदें रोबोनें कोणाचाही हात न लागतां, आधीं लिहून ठेवलेल्या प्रोग्रॅमाप्रमाणें आपला आपण चालावयाचें. पुढील दोन मिनिटें दोन चालक त्याला चालवितात. एवढ्या अडीच मिनिटांसाठीं मुलें चार-पांच महिने खपतात. पण मौज अशी कीं, सामना हा स्पर्धेचा एक भाग झाला. परीक्षक पथकाशीं बोलतात, १५ पानांत लिहिलेली कामाची हकीकत वाचतात. हा गिअर कां बदलला, हा हात आधीं कसा होता, पैसे कोठून उभे केले, असे प्रश्न विचारतात. उत्तरें विद्यार्थ्यांनींच द्यावयाचीं असतात. शिक्षकानें तेथें तोंड उघडावयाचें नसतें. सांगाडा जुळविणें, हात घडविणें, वायरी ओढणें, प्रोग्रॅम लिहिणें, हिशेब ठेवणें, देणगीदारांस पत्रें लिहिणें, रोबो चालविण्याचा सराव करणें, हीं सर्व पथकाचींच कामें. आणि तीं परस्परांपासून इतकीं भिन्न कीं, एकाच्या तासाची दुसऱ्याच्या तासाशीं तुलना करणें म्हणजे शेरानें कापड मोजण्यासारखें आहे.

आतां हजेरीच्या बाजूनें जें खरें आहे तें प्रथम मान्य केलें पाहिजे. प्रयोगशाळेंत बॅटऱ्या असतात, सोल्डरिंगची तापलेली काडी असते, करवत व ड्रिल असतें. आंत कोण आहे आणि बाहेर कोण गेलें हें शिक्षकाला ठाऊक असलेंच पाहिजे. शाळा सुटल्यावर दोन तास आपला मुलगा कोठें होता, हें जाणण्याचा पालकांचा हक्कही निर्विवाद आहे. यासाठीं दारापाशीं वही, वहींत येण्याची वेळ व जाण्याची वेळ, आणि समोर सही; यांत कसूर होतां कामा नये.

दुसरी गोष्टही तितकीच खरी. प्रत्येक पथकांत दोन-तीन मुलें राबतात आणि बाकीचीं त्यांच्या भोंवतीं उभीं राहून पाहतात. स्पर्धेच्या आदल्या आठवड्यांत मात्र सर्वांचा उत्साह एकाएकीं उतूं जातो. नवे टी-शर्ट वांटले जावयाचे असतात, छायाचित्र निघावयाचें असतें, प्रशस्तिपत्र मिळावयाचें असतें. जीं दोन-तीन मुलें पावसाळाभर खपलीं, त्यांच्या पोटांत तेव्हां जें दुखतें तें मी खोटें म्हणणार नाहीं. ज्या पालकांनीं हजेरीचा आग्रह धरला ते बहुधा अशाच मुलांचे पालक आहेत, आणि त्यांची तक्रार रास्त आहे. माझा मतभेद तक्रारीशीं नसून उपायाशीं आहे.

हा उपाय एका शाळेंत पूर्ण वर्षभर चाललेला मीं पाहिला आहे. तेथें दर तासाला एक गुण ठरविला होता, आणि शंभरांपैकीं पंचाहत्तर गुण मिळविल्याशिवाय स्पर्धेस जातां येणार नाहीं असा फलक लावला होता. पहिल्या महिन्यांत प्रयोगशाळा गजबजून गेली. मुख्याध्यापकांस आनंद झाला. दुसऱ्या महिन्यापासून मात्र तेथें जें दिसूं लागलें तें असें: चारच्या ठोक्याला येऊन सही करावी, एका बाकावर बसून भूगोलाच्या वहींत नकाशा भरावा, आणि सहाला पुनः सही करून जावें. ज्याचें काम पाऊण तासांत झालें तो उरलेला वेळ काढण्यासाठीं लावलेले स्क्रू काढी आणि काढलेले पुनः लावी. मित्रानें मित्राची सही करण्याचा प्रकारही फार दिवस लपला नाहीं. हीं मुलें वाईट होतीं असें कोणीं समजूं नये. त्यांना सांगितलें होतें कीं तास पाहिजेत. त्यांनीं तास दिले.

त्याच पथकांत नववींतील एक मुलगी होती. तिच्या गांवाकडे जाणारी एस. टी. सव्वापांचला सुटे, तिच्यानंतरची गाडी काळोख पडल्यावर. म्हणून इतरांच्या दोन तासांस तिचा एक तास, आणि शनिवारीं तोही नाहीं. पहिल्या ३० सेकंदांचा प्रोग्रॅम मात्र तिनें लिहिला होता. बराचसा घरीं, वहींत पेन्सिलीनें लिहून, दुसऱ्या दिवशीं येऊन लॅपटॉपवर उतरवून. वर्षअखेर तिच्या नांवापुढें पंचाहत्तर भरले नाहींत. नियम तो नियम, म्हणून ती घरीं राहिली. स्पर्धेच्या सभागृहांत दिवे प्रखर होते; जमिनीवरील पट्टीचा रंग ओळखणारा सेन्सर शाळेच्या खोलींत जो आंकडा दाखवी तो तेथें दाखवीना, आणि रोबो पट्टी ओलांडून भलतीकडे जाऊं लागला. प्रोग्रॅमांतील एक आंकडा बदलावयाचा होता. कोणत्या ओळींतील, हें तेथें आलेल्या आठांपैकीं एकालाही ठाऊक नव्हतें. त्या आठांची हजेरी उत्तम होती.

मोजण्याच्या साधनालाच साध्य करून ठेवलें म्हणजे काय होतें, याची साक्ष शिक्षणाच्या इतिहासांतही आहे. इंग्लंडांत १८६२ सालीं रॉबर्ट लो यांच्या पुढाकारानें शाळांच्या अनुदानाचे नवे नियम अमलांत आले. सरासरी हजेरीवर दर मुलामागें ४ शिलिंग. आणि वर्षांत २०० हून अधिक वेळां हजर राहिलेलें मूल वाचन, लेखन व गणित यांत उतरलें तर आणखी ८ शिलिंग, एकेका विषयांत नापास झाल्यास २ शिलिंग ८ पेन्स कापून. सरकारच्या पैशाचा मोबदला मोजून घ्यावा, हा हेतु वावगा नव्हता. पण शाळांनीं मुलांकडून वाचनाचें पुस्तकच तोंडपाठ करून घेतलें, इतकें कीं पुस्तक उलटें धरलें तरी मूल घडाघडा 'वाचीत' असे, अशी त्या काळची हकीकत सांगतात. कवि मॅथ्यू आर्नल्ड हे स्वतः शाळातपासनीस होते. त्यांनीं या पद्धतीला सतत विरोध केला. ती पूर्णपणें मोडीत निघावयास १८९० नंतरचीं वर्षें उजाडलीं. आपल्या मुंबई इलाख्यांतही निकालाप्रमाणें अनुदान देण्याची रीत बरींच वर्षें होती, आणि अनुदान घेणाऱ्या शाळांनीं तिचे चटके सोसले आहेत. पुढें १९७५ सालीं चार्ल्स गुडहार्ट नांवाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानें सरकारच्या पैशाच्या धोरणाविषयीं लिहितांना असाच विचार मांडला: ज्या आंकड्यावर नियंत्रणासाठीं भार टाकावा, तो आंकडा पूर्वींसारखा विश्वासाचा राहत नाहीं. चारच्या ठोक्याला सही करणाऱ्या आमच्या मुलांना हें अर्थशास्त्र न शिकतांच कळलें होतें.

येथें एका शब्दाची आठवण होते. 'रोबो' हा शब्द ज्यापासून निघाला तो 'रोबोट' शब्द कारेल चापेक या चेक लेखकाच्या 'आर. यू. आर.' या नाटकानें जगाला दिला. नाटक १९२० सालीं प्रसिद्ध झालें आणि १९२१ सालीं प्राग शहरीं रंगभूमीवर आलें. शब्द मात्र सुचविला होता चापेकच्या भावानें, चित्रकार योसेफ यानें. चेक भाषेंत 'रोबोता' म्हणजे जमीनदाराच्या शेतावर कुळानें सक्तीनें करावयाची मेहनत. आपल्याकडे जिला वेठ म्हणत तीच. वेठीला धरलेल्या माणसाची हजेरी तेवढी घेतली जाते. त्याच्या मनाची चौकशी कोणी करीत नाहीं. आमचीं मुलें रोबो घडविण्यासाठीं प्रयोगशाळेंत येतात. त्यांनाच त्या शब्दाच्या मूळ अर्थानें वागविण्याची वेळ येऊं नये, एवढीच माझी विनंति आहे.

मग मोजावें काय? आपल्या महाराष्ट्रांतील रोजगार हमी योजनेचा अनुभव येथें कांहींसा उपयोगी आहे. तेथें मस्टरवर नांव असे, परंतु मजुरी ठरे ती खणलेल्या मातीच्या मापावरून. मस्टर सांगे कोण आलें. खड्डा सांगे काम काय झालें. दोन निराळ्या गोष्टींसाठीं दोन निराळीं मापें, हें तत्त्व घेण्यासारखें आहे. पण तें जसेंच्या तसें उचलतांही येत नाहीं. खड्डा मोजतां येतो. तीन दिवस खपून शेवटीं फसलेला प्रयोग कोणत्या फुटपट्टीनें मोजावा? पथकाच्या कामांत दहांपैकीं सात प्रयत्न फसतातच, आणि ते फसले म्हणूनच उरलेले तीन साधतात. नुसतें पुरें झालेलें काम मोजूं लागलों तर मुलें अवघड कामाला हात घालणार नाहींत.

म्हणून माझें म्हणणें असें कीं, दाराजवळच्या हजेरीच्या वहीशिवाय दुसरी एक वही असावी, आणि ती मुलांनीं स्वतः लिहावी. रोज दोन-तीन ओळी पुरेत. आज कोणतें काम हातीं घेतलें, तें कोठवर आलें, कोठें अडलें, आणि कोणाला दाखविलें. उदाहरणार्थ: "रोबो सरळ न जातां डावीकडे ओढतो. डाव्या मोटरीची वायर सैल वाटली म्हणून बदलली. तरी ओढतोच. चाकाचा स्क्रू पाहावयाचा राहिला. उद्यां आठवीच्या दोघांना बरोबर घेऊन पाहणार." या मुलाचा प्रयोग फसलेला आहे. परंतु त्यानें काय पाहिलें, काय ताडलें, कोठें थांबला, आणि उद्यां कोणाला हाताशीं घेणार, हें सर्व या पांच ओळींत आहे. "वेळ ४ ते ६" एवढ्यावरून यांतील एक अक्षर तरी कळलें असतें काय? वही मराठींत लिहावी, इंग्रजींत लिहावी, आकृति काढून दाखवावी. भाषेला गुण नाहींत. ज्याला लिहिण्याचा कंटाळा त्यानें बोलावें आणि सोबत्यानें लिहावें.

वरील नोंदींत शेवटची ओळ मला सर्वांत महत्त्वाची वाटते. एखादें काम पथकांतील एकालाच येत असेल तर तें काम पुरें झालें असें समजूंच नये, असा नियम करावा. दुसऱ्या कोणास तें शिकवून, त्यानें तें आपल्या हातानें करून दाखविलें म्हणजे मग पहिल्याच्या नांवापुढें तें लिहावें. त्या नववींतील मुलीच्या पथकांत हा नियम असता तर सेन्सरचा आंकडा बदलणारें कोणी तरी सभागृहांत सांपडलें असतें. आणि शिकविलें कोणीं हें वहींत दिसून तिला घरीं ठेवण्यास कोणी धजलें नसतें.

या वहीनें आणखी एक गोष्ट उजेडांत येते. पुष्कळ पथकांत पाना, करवत व ड्रिल मुलग्यांच्या हातीं, आणि मुलींकडे वही, फलकाची सजावट व पाहुण्यांचें स्वागत, अशी वांटणी कोणीं न ठरवितां होऊन बसते. हजेरीपट पाहिला तर मुलींची हजेरी बहुधा मुलग्यांहून सरसच. कागदावर सर्व उत्तम. परंतु वर्षभर रोज येऊन ज्या मुलीनें एकदांही मोटर खोलली नाहीं, तिची ती हजेरी कशाची? वहींत सलग दोन महिने एकीच्याच नांवापुढें "फलक रंगविला" असें आलें तर शिक्षकाला त्याची लाज वाटली पाहिजे, आणि तिसऱ्या महिन्यांत तिच्या हातीं पाना आला पाहिजे.

गैरहजेरीविषयींही थोडें बोललें पाहिजे. मूल तीन दिवस आलें नाहीं म्हणजे हजेरीपटावर तीन फुल्या पडतात आणि आपलें काम संपलें असें आपणांस वाटतें. वास्तविक तेथें काम सुरू होतें. पथकाच्या प्रमुखानें, म्हणजे विद्यार्थ्यानेंच, घरीं फोन करावा किंवा जाऊन यावें. कारणें निघतात तीं अशीं: आई कामावर गेल्यानें धाकट्या भावाला सांभाळावयाचें आहे, दुकानावर बसावयाचें आहे, टँकर यावयाची वेळ नेमकी चारचीच आहे. आणि एक कारण असें असतें कीं जें मूल आपण होऊन सांगत नाहीं. त्याच्या हातून एखादी वस्तु बिघडलेली असते. बॅटरी उलटी जोडली गेली, सर्किट जळलें, कोणी तरी सर्वांदेखत बोललें, आणि त्या दिवसापासून तें येईनासें झालें. अशा मुलाची आस्था कमी नसते. ती असते म्हणूनच त्याला तोंड दाखवावेंसें वाटत नाहीं. फुल्या मोजून आपण त्याला बाहेर ठेवलें तर जळलेल्या सर्किटाहून मोठी वस्तु गमावली असें होईल.

या सूचनेवर आक्षेप येतील, आणि ते मला ठाऊक आहेत. पहिला असा कीं, तासांचा आंकडा निर्विकार असतो. वहीवरून निवड करावयाची म्हणजे शेवटीं शिक्षकाच्या मर्जीवर येणार. यांत तथ्य आहे. पण मर्जी लपून राहते ती बंद दाराआड. वही टेबलावर उघडी असावी, कोणीही पालकानें येऊन चाळावी. स्पर्धेच्या ठिकाणीं कोणकोणतीं कामें लागणार याची यादी दोन महिने आधीं लावावी, आणि त्या त्या कामापुढें वहीच्या आधारें नांवें सुचवावीं तीं पथकानें सर्वांसमक्ष. गुप्त मतदान मात्र नको; त्यांत लोकप्रिय मूल निवडून येतें, कामाचें मूल येईलच असें नाहीं. मुख्य कामांच्या जागा भरल्यावर एक-दोन जागा अगदीं नवख्यांसाठीं ठेवाव्या. ज्यानें स्पर्धा कधीं पाहिलीच नाहीं, त्यानें पुढील वर्षीं तिच्यासाठीं जीव कां टाकावा?

दुसरा आक्षेप: मुलें वहींत खोटें लिहितील. लिहितील, कांहीं दिवस. पण खोटी सही आणि खोटी नोंद यांत एक फरक आहे. सहीच्या मागें कांहींच नसतें. नोंदीच्या मागें टेबलावर एक वस्तु असावी लागते. शनिवारीं सर्वांनीं जमून, ज्यानें जें लिहिलें तें चालवून दाखवावें. "हात जुळविला" असें लिहिणाऱ्याचा हात उचलला नाहीं तर शिक्षकाला एक शब्दही बोलावा लागत नाहीं.

तिसरा आक्षेप खरा कठीण आहे. सर्व सवलती देऊन, सर्व चौकशी करूनही जो काम घेतो आणि करीत नाहीं, त्याचें काय? येथें मी कठोर आहें. दोनदां आठवण देऊन काम झालें नाहीं तर तें काम त्याच्याकडून काढून दुसऱ्यास द्यावें, आणि तसें वहींत लिहावें. कारण त्याच्या एका न जोडलेल्या वायरीसाठीं चौदा मुलें खोळंबतात. मात्र काम काढून घ्यावें, पथकांतून नांव काढूं नये. त्याला लहानसें, दोन दिवसांत होईल असें काम द्यावें. तें केलें तर पुनः मोठें द्यावें. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाविषयीं डिसेंबरांतील निकाल जूनमध्यें लावून टाकण्याचा अधिकार कोणाला नाहीं.

पालकहो, आपणांसही एक-दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. प्रशस्तिपत्र पुढें कॉलेजांत उपयोगी पडेल म्हणून मुलाला पथकांत घालूं नका. अशीं मुलें दोन महिन्यांत ओळखूं येतात, आणि सर्वांत दुःखी असतात तींच. ज्यांच्या मुली लांबून येतात त्यांनीं शाळेला तसें मोकळेपणानें सांगावें. गाडीची वेळ पाहून पथकाचा वेळ ठरवितां येतो, शनिवारचें काम रविवारीं सकाळीं ठेवतां येतें, प्रोग्रॅमाचें काम घरीं नेतां येतें. आणि घरीं केलेलें काम हेंही काम होय, हें आम्हां शिक्षकांस वरचेवर आठवून देत जा.

विद्यार्थिमित्रांनो, या वहीचा कंटाळा तुम्हांला पहिल्या आठवड्यांतच येईल. येऊं द्या. स्पर्धेंत परीक्षक जेव्हां विचारतील कीं हा हात तुम्हीं तीन वेळां कां बदलला, तेव्हां जूनमधील तीं वांकडीं अक्षरें तुम्ही शोधूं लागाल. पंधरा पानांची हकीकत एका रात्रींत रचणारीं पथकें मीं पाहिलीं आहेत. त्यांची भाषा सुरेख असते आणि दुसऱ्या प्रश्नाला तीं अडखळतात.

एक प्रश्न मात्र माझ्यानेंही सुटलेला नाहीं, आणि तो दहावीच्या मुलांचा. यांत्रिक कामांतील जाणतीं मुलें तींच. पण दिवाळी झाली कीं शिकवण्या, सराव परीक्षा आणि घरची काळजी यांत तीं दिसेनाशीं होतात, आणि नेमक्या त्याच सुमारास पथकाला त्यांची गरज अधिक असते. त्यांना ओढून आणणें मला रुचत नाहीं. त्यांच्या नांवापुढें फुल्या मारणें तर त्याहून नाहीं. मला सुचतें तें असें: गांवांतील कारखान्यांतून दसऱ्याला हत्यारें पुसून मांडतात, तोच दिवस धरून दहावीच्या मुलांनीं आपापलें काम नववीच्या एकेका मुलाच्या हातीं द्यावें, त्यानें तें सर्वांसमक्ष करून दाखवावें, आणि त्यानंतर दहावीच्या नांवांपुढें 'गैरहजर' असें न लिहितां 'सोंपविलें' असें लिहावें. अशा मुलाला स्पर्धेच्या जागेवर हक्क राहावा कीं नाहीं, याविषयीं शिक्षकमंडळांत अद्याप एकमत झालेलें नाहीं. माझें मत राहावा असें आहे. जूनमधील पालकसभेंत हा विषय ठेवला आहे. ज्यांना येणें जमणार नाहीं त्यांनीं आपलें मत मुलाबरोबर दोन ओळींत लिहून पाठविलें तरी चालेल.